वंश, वांशिकता आणि राष्ट्रीयत्व

वंश, वांशिकता आणि राष्ट्रीयत्व या सांस्कृतिक भूगोल, मानवशास्त्र व समाजशास्त्र या विषयांतील परस्परसंबंधित, परंतु भिन्न अर्थाच्या तीन संज्ञा आहेत. वंश म्हणजे त्वचेचा रंग, केस, नाकाची ठेवण अशा दृश्य शारीरिक लक्षणांवरून समाजाने माणसांचे केलेले वर्गीकरण होय. समान पूर्वज, भाषा, धर्म, चालीरीती व मूळ प्रदेश यांविषयीच्या सामायिक जाणिवेतून निर्माण होणाऱ्या समूहभावनेस वांशिकता म्हणतात. राष्ट्रीयत्व म्हणजे एखाद्या राष्ट्राचे किंवा राज्यसंस्थेचे सदस्यत्व. ते बहुधा कायद्याने ठरते. पहिली ओळख मुख्यतः इतरांकडून लादली जाते, दुसरी समूह स्वतः जपतो आणि तिसरी राज्यसंस्था देते. या तिन्ही ओळखींच्या सीमा क्वचितच एकमेकींशी जुळतात. त्यांची गल्लत झाल्यास त्याचे परिणाम विवाह, निवास, मतदान व सार्वजनिक जागांचा वापर अशा मूलभूत हक्कांवर होतात.

महाराष्ट्रातील रायगड जिल्हा हे या भेदाच्या अभ्यासासाठी उपयुक्त क्षेत्र आहे. कोकणी मुसलमान, बेने इस्रायल, सिद्दी, कातकरी, कुणबी, मराठा, आगरी, कोळी, बौद्ध इत्यादी समाज येथे दीर्घकाळ शेजारी राहत आले आहेत.

## संज्ञा

मराठीत या विषयाची परिभाषा पूर्णपणे स्थिरावलेली नाही. ‘वंश’ या शब्दाचा मूळ अर्थ कूळ किंवा घराणे असा आहे. ‘यादव वंश’ या प्रयोगात तो राजघराण्याचा वाचक असतो, तर ‘मानववंश’ या प्रयोगात शारीरिक वर्गीकरणाचा. ‘वांशिक’ हे विशेषण शारीरिक आणि सांस्कृतिक अशा दोन्ही अर्थांनी वापरले जाते. त्यामुळे ‘वांशिक दंगल’, ‘वांशिक गट’ या शब्दप्रयोगांचा नेमका अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. बोलीभाषेत ‘समाज’, ‘जमात’ आणि ‘ज्ञाती’ हे शब्द वांशिकतेच्या अर्थाच्या अधिक जवळचे आहेत. ‘राष्ट्रीयत्व’ आणि ‘नागरिकत्व’ हेही समानार्थी म्हणून योजले जातात. तथापि नागरिकत्व हा कायदेशीर दर्जा आहे, तर राष्ट्रीयत्वात त्या दर्जाबरोबर राष्ट्राशी असलेली भावनिक व राजकीय बांधिलकीही येते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून राज्याला नागरिकांमध्ये भेदभाव करता येत नाही. या यादीत वंश आणि जात हे शब्द स्वतंत्रपणे आले आहेत. स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या गटास ती जतन करण्याचा हक्क अनुच्छेद २९ देतो. वांशिकतेच्या संकल्पनेत जे अभिप्रेत आहे, त्याचा बराचसा भाग या तरतुदीत येतो.

## वंश

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपीय अभ्यासकांनी मानवजातीची ठरावीक वंशांत विभागणी केली आणि त्या वंशांना उच्चनीच क्रम लावला. भारतात या विचाराचा सर्वाधिक प्रभाव १९०१ च्या जनगणनेवर पडला. जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी व लांबी यांचे गुणोत्तर, म्हणजे नासिका निर्देशांक, हे वर्गीकरणाचे प्रमुख साधन मानले. जातींची सामाजिक उतरंड ही वांशिक मिश्रणाचे प्रमाण दर्शवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या वर्गीकरणात महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी यांना ‘सिथो-द्रविड’ या गटात घातले होते. १९३१ च्या जनगणनेच्या निमित्ताने बिरजाशंकर गुहा यांनी भारतीय लोकसंख्येचे वेगळे वांशिक वर्गीकरण मांडले.

या मांडणीवर महाराष्ट्रातील अभ्यासकांनी मूलभूत आक्षेप घेतले. मालवण येथे जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) या ग्रंथात शरीरमापनाची आकडेवारी पुन्हा तपासली. जातीचा दर्जा आणि नाकाची ठेवण यांचा रिस्ले यांनी दाखवलेला संबंध उत्तर भारताच्या काही भागाबाहेर टिकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवटीच्या असममितीवर संशोधन केले होते. पुढे डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी शरीरमापनाबरोबर नातेसंबंध, भाषा आणि प्रदेश यांचा एकत्रित अभ्यास केला.

१९५० मध्ये युनेस्कोने काढलेल्या निवेदनात वंश ही जैविक वस्तुस्थितीपेक्षा सामाजिक समजूत अधिक आहे, असे नमूद करण्यात आले. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी केलेल्या विश्लेषणानुसार मानवातील जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य एकाच लोकसमूहाच्या अंतर्गत आढळते. तथाकथित वंशांमधील फरकाचा वाटा अल्प असतो. तरीही वंशभेद ही सामाजिक वस्तुस्थिती आहे. ज्या समाजात त्वचेच्या रंगावरून घर, नोकरी किंवा वागणूक ठरते, तेथे जैविक आधार नसलेला वंशही माणसाचे आयुष्य घडवतो किंवा बिघडवतो.

## वांशिकता

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांच्या मते वांशिक समूहाचा पाया प्रत्यक्ष रक्तसंबंध नसून समान पूर्वजांवरील विश्वास हा असतो. हा विश्वास ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध होतो की नाही, हा दुय्यम प्रश्न ठरतो. नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये या विचाराला वेगळी दिशा दिली. समूहाच्या सांस्कृतिक वैशिष्ट्यांपेक्षा ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातील सीमा कशी राखली जाते, हे पाहणे महत्त्वाचे असल्याचे त्यांनी मांडले. पेहराव, बोली आणि खाद्यपदार्थ बदलले तरी विवाहाचे नियम व समूहाचे नाव टिकून असेल, तर समूह टिकतो.

सांस्कृतिक भूगोलात वांशिकतेचा अभ्यास भूदृश्याच्या आधारे केला जातो. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ कार्ल सॉअर यांनी १९२५ मध्ये सांस्कृतिक भूदृश्याची संकल्पना मांडली. तिच्यानुसार मानवी समूह नैसर्गिक प्रदेशावर आपली खूण उमटवतो. वस्तीची रचना, प्रार्थनास्थळे, दफनभूमी, स्थलनामे, शेतीची पद्धत आणि आडनावे या अशा खुणा होत. कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लावून आडनाव तयार करण्याची पद्धत हिंदू, मुसलमान व बेने इस्रायल अशा सर्व समाजांत आढळते. धर्म भिन्न असूनही स्थानिक ओळख सामायिक असल्याचे ते चिन्ह आहे.

## राष्ट्रीयत्व

फ्रेंच विचारवंत एर्नेस्ट रेनाँ यांनी १८८२ मधील व्याख्यानात वंश, भाषा, धर्म किंवा भूगोल यांपैकी कोणताही एक घटक राष्ट्र घडवण्यास पुरेसा नसल्याचे प्रतिपादन केले. सामायिक स्मृती आणि एकत्र राहण्याची इच्छा यांना त्यांनी निर्णायक मानले. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये राष्ट्राचे वर्णन ‘कल्पित समुदाय’ असे केले. सदस्यांपैकी बहुतेक जण परस्परांना कधीही भेटत नाहीत, तरी छापील भाषा, नकाशे आणि जनगणना यांमुळे त्यांच्यात एकत्वाची भावना निर्माण होते, असा या संज्ञेचा आशय आहे.

भारतात नागरिकत्वाच्या तरतुदी संविधानाच्या भाग दोनमध्ये (अनुच्छेद ५ ते ११) आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये आहेत. अनुच्छेद ९ अन्वये स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. त्यामुळे परदेशात स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या मराठी व्यक्तीचे राष्ट्रीयत्व बदलते, परंतु तिची वांशिकता बदलतेच असे नाही. मराठी भाषकांची अस्मिता १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेतून राजकीयदृष्ट्या साकार झाली. ती राष्ट्रीयत्वाच्या अंतर्गत असणारी प्रादेशिक-भाषिक ओळख आहे.

## तुलना

| | वंश | वांशिकता | राष्ट्रीयत्व |
|---|---|---|---|
| आधार | दृश्य शारीरिक लक्षणे | भाषा, धर्म, चालीरीती, समान पूर्वजांवरील विश्वास | राज्यसंस्थेचे किंवा राष्ट्राचे सदस्यत्व |
| कोण ठरवते | बहुधा समूहाबाहेरील लोक | समूह स्वतः व शेजारी समूह | कायदा आणि शासन |
| बदलण्याची शक्यता | व्यक्तीच्या हाती जवळजवळ नाही | पिढ्यांच्या ओघात हळूहळू | अर्ज किंवा स्थलांतराद्वारे शक्य |
| भौगोलिक खूण | विभक्त वस्त्या | स्थलनामे, प्रार्थनास्थळे, बोलीचे क्षेत्र | सीमा, पारपत्र, जनगणना |

## रायगड जिल्ह्यातील उदाहरणे

२०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. १ जानेवारी १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे.

### कोकणी मुसलमान

महाड तालुक्यातील तुडील हे गाव सावित्री नदीच्या खाडीपट्ट्यात आहे. बाणकोटच्या खाडीतून दासगाव व महाडपर्यंत चालणाऱ्या जुन्या जलवाहतुकीमुळे हा पट्टा अरबी समुद्राच्या व्यापाराशी जोडलेला होता. या खोऱ्यात कोकणी मुसलमान समाजाची जुनी वस्ती आहे. किनाऱ्यावर आलेले अरब व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या विवाहसंबंधांतून आपला समाज निर्माण झाला, अशी त्यांची परंपरा आहे. हा समाज मुख्यतः सुन्नी पंथाच्या शाफी परंपरेचा आहे. दख्खनमधील बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरा पाळतात. घरात बोलली जाणारी कोकणी बोली आसपासच्या मराठी बोलींशी निगडित आहे. शिक्षणाचे माध्यम म्हणून मात्र अनेकांनी उर्दू स्वीकारली आहे.

या समाजाला धर्म एका विशाल समुदायाशी, शाफी परंपरा हिंदी महासागराच्या किनाऱ्याशी, बोली शेजारच्या कुणबी-मराठ्यांशी आणि नागरिकत्व भारताशी जोडते. जनगणनेत मातृभाषा नोंदवताना मराठी, कोकणी किंवा उर्दू यांपैकी कोणतेही उत्तर दिले जाऊ शकते. त्यामुळे केवळ भाषेच्या तक्त्यावरून समाजाचे आकारमान काढता येत नाही. १९८० ते १९८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले अब्दुल रहमान अंतुले हे सावित्रीकाठच्या आंबेत गावचे कोकणी मुसलमान होते. जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत मिळाले.

कोकणी मुसलमान कुटुंबे नोकरी व व्यापारानिमित्त मुंबई, पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका, आखाती देश आणि ब्रिटन येथे गेली. केप टाउन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याला सामोरे जावे लागले. या कायद्याने प्रत्येक रहिवाशास एका वंशगटात नोंदवणे सक्तीचे केले. कोकणी, गुजराती आणि तमिळ यांच्यातील भाषा व चालीरीतींचे भेद ‘भारतीय’ या शिक्क्याखाली दिसेनासे झाले. त्याच वर्षीच्या समूह क्षेत्र कायद्याने वंशगटानुसार राहण्याचे विभाग ठरवले. केप टाउनमधील मिश्र वस्तीचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला, तर भारतीयांसाठी रायलँड्स हा भाग ठरवण्यात आला. येथे ‘भारतीय’ हा शब्द राष्ट्रीयत्वाचा नसून वंशाचा होता. दोन्ही कायदे १९९१ मध्ये रद्द झाले.

### बेने इस्रायल

बेने इस्रायल हा मराठी मातृभाषा असलेला ज्यू समाज आहे. आपले पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटल्यामुळे आले, अशी त्यांची परंपरा आहे. तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारी काम बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर यांसारखी त्यांची आडनावे गावांवरून आली आहेत.

इस्रायलच्या १९४८ मधील स्थापनेनंतर समाजातील बहुसंख्य लोक तेथे स्थलांतरित झाले. १९५० च्या परतीच्या कायद्यानुसार त्यांना नागरिकत्व मिळाले. त्यामुळे राष्ट्रीयत्वाचा प्रश्न सुटला, परंतु वांशिकतेचा सुटला नाही. वर्णावरून भेदभाव होत असल्याची तक्रार करत त्यांच्यापैकी काहींनी १९५१-५२ मध्ये तेल अवीव येथे धरणे धरले व ते काही काळ भारतात परतले. १९६२ मध्ये मुख्य रब्बी परिषदेने, बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश काढला. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धार्मिक यंत्रणेमार्फतच होत असल्याने कायद्याने नागरिक असलेल्या तरुण-तरुणींचे विवाह अडले. समाजाने केलेल्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर केले. त्यानंतर आदेशातून समाजाचे नाव वगळण्यात आले.

भारतात त्यांना परदेशी मानले गेले नव्हते आणि इस्रायलमध्ये त्यांची ओळख ‘भारतीय’ अशी झाली. इस्रायलमध्ये त्यांनी मराठी भाषेतील ‘मायबोली’ हे नियतकालिक चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलच्या लोकसंख्या नोंदणीत नागरिकत्व आणि राष्ट्र या दोन स्वतंत्र नोंदी असतात. ‘इस्रायली’ ही राष्ट्र म्हणून नोंदवावी, ही मागणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळली. राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व हे भिन्न असू शकतात, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

### सिद्दी

मुरूडजवळील जंजिरा संस्थानावर १९४८ पर्यंत सिद्दी घराण्याची सत्ता होती. सिद्दी हे पूर्व आफ्रिकेतून गुलाम, सैनिक किंवा खलाशी म्हणून आलेल्यांचे वंशज होत. दख्खनमधील निजामशाहीचा कारभार चालवणारा मलिक अंबर (मृत्यू १६२६) हाही मूळचा इथिओपियाचा होता. वंशावरून माणसाचे समाजातील स्थान अटळपणे ठरते, या युरोपीय समजुतीला सिद्दींचा इतिहास छेद देतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींमध्ये हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आढळतात आणि त्यांच्यात कोकणी भाषा प्रचलित आहे. त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

### कातकरी

कातकरी किंवा काथोडी समाजाचे नाव खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या पारंपरिक व्यवसायावरून आले आहे. कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी जमात आहे. कोळसा पाडणे, वीटभट्टीवरील काम व शेतमजुरी यांसाठी अनेक कुटुंबे वर्षातील काही महिने स्थलांतर करतात. अनुसूचित जमात हा भारतीय कायद्यातील वर्ग वंशाच्या आधारे ठरलेला नाही. १९६५ च्या लोकूर समितीने वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, बाह्य संपर्काविषयीचा संकोच, मागासलेपणा आणि आदिम लक्षणे हे निकष सांगितले होते. अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यनिहाय असल्याने राज्याची सीमा ओलांडल्यावर हा दर्जा बदलू शकतो.

## जात आणि वंश

जात हा वंशाचा प्रकार आहे की नाही, या वादात महाड शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव केला आणि त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. प्रत्यक्षात अस्पृश्यांना पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतरच्या न्यायालयीन लढ्याचा निकाल १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तळ्यावर अडवणारे आणि अडवले जाणारे एकाच भागात राहणारे, मराठी बोलणारे होते. शरीराच्या ठेवणीवरून त्यांना वेगळे करता येत नव्हते. भेद होता तो जन्माने मिळालेल्या सामाजिक दर्जाचा.

आंबेडकरांनी जातीच्या वांशिक उपपत्तीला सातत्याने विरोध केला. कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ सजातीय विवाहात शोधले. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८ च्या ग्रंथात त्यांनी शरीरमापनाच्याच आकडेवारीच्या आधारे अस्पृश्य हा वेगळा वंश नसल्याचे दाखवले.

२००१ मध्ये दरबान येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत हा वाद पुन्हा उद्भवला. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून ती परिषदेच्या कक्षेत येत नाही, अशी भारत सरकारची भूमिका होती. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनीही जातीला वंश म्हणणे अशास्त्रीय असल्याचे लिहिले. दलित संघटनांचा भर मात्र १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारातील ‘कूळ’ या शब्दावर होता. संबंधित संयुक्त राष्ट्र समितीने २००२ मध्ये कुळावर आधारित भेदभावात जातीचा समावेश होतो, असे स्पष्ट केले. अशा प्रकारे जात हा वंश नाही आणि तरीही जातिभेद हा वंशभेदाइतकाच निषिद्ध आहे, या दोन्ही विधानांना एकाच वेळी मान्यता मिळाली.

## वस्ती आणि जनगणना

कोकणातील गाव अनेक वाड्यांचे मिळून बनते. बौद्धवाडी, कुणबीवाडी, मोहल्ला, आदिवासीवाडी ही नावे गावाच्या नकाशावर समाजरचना उमटवतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. नावाबरोबर वस्तीची जागा, पाण्याची सोय किंवा जमिनीची मालकी आपोआप बदलत नाही. त्यामुळे अशा बदलाचा अभ्यास भूदृश्याच्या इतर घटकांसह करावा लागतो.

स्वतंत्र भारताच्या जनगणनेत वंशाचा प्रश्न विचारला जात नाही. तुडीलसारख्या गावातील कुटुंबाची नोंद धर्म, मातृभाषा आणि अनुसूचित जाती-जमाती या रकान्यांत होते. अनुसूचित जाती व जमाती वगळता इतर जातींची तपशीलवार गणना १९३१ नंतरच्या दशवार्षिक जनगणनेत प्रसिद्ध झालेली नाही. आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना १९९० पर्यंत केंद्रीय यादीत स्थान नव्हते. त्याआधीच्या नोंदींची तुलना नंतरच्या नोंदींशी करताना हा बदल लक्षात घेणे आवश्यक ठरते.

## समकालीन महत्त्व

राष्ट्रीयत्व समान असतानाही वंशाच्या समजुतीवरून भेदभाव होऊ शकतो. ईशान्य भारतातील नागरिकांना इतर राज्यांत चेहरेपट्टीवरून परदेशी समजले जाते. त्यांच्यावरील हल्ल्यांनंतर केंद्र सरकारने २०१४ मध्ये नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यात सुधारणा सुचवल्या. उलट मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज राष्ट्रीयत्वाने मॉरिशियन आहेत आणि स्वतःची मराठी ओळख जपतात. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मॉरिशसच्या संविधानातील समुदायांच्या यादीत मात्र मराठी हा स्वतंत्र वर्ग नाही. त्यांची गणना हिंदू या वर्गात होते.

## हे सुद्धा पहा

* कोकणी मुसलमान
* बेने इस्रायल
* चवदार तळे
* कातकरी
* सांस्कृतिक भूगोल
* भारतीय नागरिकत्व